कशाचं वय? बालविवाहाच्या कायद्यांवरचं संशोधन वाचताना

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी गाईड मॅडमना लिटरेचर रिव्ह्यूचा खर्डा दिला होता. त्यात एक टेबल होतं आणि मला त्याचा फार अभिमान होता. डाव्या बाजूला सालं, उजव्या बाजूला मुलींचं वय. १८६० : १०. १८९१ : १२. १९२९ : १४. १९४९ : १५. १९७८ : १८. २०२१ : २१, पुढे कंसात 'प्रस्तावित'. खाली वाक्य होतं, 'अशा प्रकारे भारतात मुलींच्या विवाहाचे किमान वय टप्प्याटप्प्याने वाढत गेले.'

मॅडमनी पेन्सिलीने 'वय' या शब्दाभोवती गोल केला आणि बाजूला दोनच शब्द लिहिले : 'कशाचं वय?'

मला आधी वाटलं, हे काय विचारणं झालं? लग्नाचं वय, अजून कशाचं! मग मी मूळ कायदे उघडले आणि पुढचे तीन आठवडे ते टेबल दुरुस्त करण्यात गेले. तुमच्यापैकी जे पेट किंवा नेट-सेट देऊन आता सिनॉप्सिस लिहायला बसलेत, त्यांच्यासाठी हा सगळा घोळ मांडते आहे. हे टेबल तुम्हाला स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये, वर्तमानपत्रातल्या लेखांमध्ये, अगदी जमा झालेल्या प्रबंधांमध्येही सापडेल. मी त्याला 'शिडी' म्हणते. एकेक पायरी चढत समाज सुधारत गेला, अशी ती गोष्ट आहे. ही गोष्ट अर्धी खरी आहे. संशोधनात अशी अर्धी खरी गोष्टच जास्त त्रास देते, कारण ती तपासावीशीच वाटत नाही.

शिडीच्या पायऱ्या एकाच लाकडाच्या नाहीत

पहिली पायरी, १८६०. हे साल भारतीय दंड संहितेचं. त्यात लग्नाच्या वयाबद्दल काहीही नाही. बलात्काराच्या कलमातल्या अपवादात एवढंच म्हटलंय की पत्नी १० वर्षांपेक्षा लहान नसेल, तर पतीने केलेला संभोग हा बलात्कार नाही. म्हणजे १० हा आकडा शरीरसंबंधाचा आहे. लग्न दोन वर्षांच्या मुलीचं लावलं तरी या कायद्याची हरकत नव्हती.

दुसरी पायरी, १८९१. याला आपण मराठीत 'संमतिवयाचा कायदा' म्हणतो. तो आकडा १० वरून १२ झाला, पण गोष्ट तीच : शरीरसंबंध. लग्न कधी लावायचं यावर अजूनही बंधन नाही. शिडीवाले पुढची, १९२५ ची पायरी बहुतेक वेळा गाळतात. त्या वर्षी दंड संहितेत पुन्हा दुरुस्ती झाली आणि एकाच्या जागी दोन आकडे आले. लग्नाबाहेर १४, लग्नात १३. म्हणजे तीच मुलगी, तेच शरीर, पण समोरचा पुरुष नवरा असेल तर एक वर्ष आधी 'तयार'. हे साल टेबलात घातलं की शिडीचं चित्र बिघडतं. मी काही ते मुद्दाम गाळलं नव्हतं. मी ज्यांच्याकडून टेबल उचललं, त्यांनी गाळलं होतं.

तिसरी पायरी, १९२९. हा बालविवाह प्रतिबंधक कायदा, म्हणजेच शारदा कायदा. (हे नाव हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून आलंय. 'शारदा' कुणी देवी किंवा नाटकातली नायिका नाही. हसू नका, माझ्या खर्ड्यात हीही चूक होती.) इथे पहिल्यांदा सगळ्या धर्मांसाठी लग्न लावण्याचं वय आलं : मुलीचं १४, मुलाचं १८. सारडांनी १९२७ मध्ये मांडलेला मूळ मसुदा फक्त हिंदूंसाठी होता. त्यात वयं कमी होती, १२ आणि १५, पण परिणाम कडक होता : त्या वयाआधीचं लग्न अवैधच. समितीत वयं वाढली, कायदा सर्वांना लागू झाला आणि अवैधतेचा मुद्दा गळाला. उरली फक्त शिक्षा. तीही अशी, की २१ वर्षांवरच्या नवऱ्याला जास्तीत जास्त एक महिना साधी कैद आणि १,००० रुपयांपर्यंत दंड. तक्रार करायची तर वर्षाच्या आत दंडाधिकाऱ्याकडे जायचं आणि तक्रारदारालाच १०० रुपयांपर्यंतचं हमीपत्र द्यावं लागू शकत होतं. लग्न मात्र वैध.

आता सांगा, १२ वर्षांचं वय आणि लग्न अवैध, हा कडक कायदा? की १४ वर्षांचं वय आणि लग्न वैध, हा? शिडीत दुसरा वरच्या पायरीवर दिसतो. मुलीच्या बाजूने पाहिलं तर उत्तर इतकं सोपं नाही.

तर तीन वेगवेगळे प्रश्न आपण एकाच रकान्यात कोंबलेत. शरीरसंबंध कोणत्या वयापासून गुन्हा नाही? लग्न लावलं तर कुणाला शिक्षा? आणि लावलेलं लग्न टिकतं का? पहिल्या दोघांची उत्तरं बदलत गेली. तिसऱ्याचं उत्तर २००६ पर्यंत जवळपास एकच राहिलं : टिकतं.

रखमाबाईंची चाचणी

टेबल दुरुस्त करताना मी स्वतःसाठी एक युक्ती काढली. तुम्हालाही उपयोगी पडेल. कुठलाही सामाजिक कायदा वाचताना एक खरी व्यक्ती घ्यायची आणि तिला प्रत्येक कायद्यातून चालवत न्यायचं. मी रखमाबाईंना घेतलं.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न झालं. त्या नांदायला गेल्या नाहीत. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला की पत्नीने आपल्याकडे राहायला यावं. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. पुढे अपिलात निकाल उलटला, खटला परत आला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई तुरुंगाला तयार झाल्या. १८८८ मध्ये २,००० रुपये देऊन तडजोड झाली. मग त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. सुधीर चंद्र यांचं 'एन्स्लेव्ह्ड डॉटर्स' हे पुस्तक या खटल्यावरच आहे, जरूर वाचा.

बहुतेक लेखांत रखमाबाई संमतिवयाच्या कायद्याची पार्श्वभूमी म्हणून येतात, जणू त्यांच्या प्रश्नाचं उत्तर १८९१ ला मिळालं. आता त्यांना शिडीवरून चालवू या.

१८९१ चा कायदा त्यांच्या काही कामाचा नाही. शरीरसंबंध झालाच नव्हता आणि खटल्याच्या वेळी त्या १९-२० वर्षांच्या होत्या. १९२९ च्या कायद्याने त्यांच्या नवऱ्याला फार तर दंड झाला असता, पण लग्न कायम राहिलं असतं आणि 'नांदायला ये' हा दावाही कायम. १९७८ मध्ये वय १८ झालं, तरी लग्नाची वैधता तीच. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याच्या कलम ३ मध्ये त्यांच्यासाठी दार उघडतं. लहानपणी लग्न झालेली व्यक्ती ते लग्न रद्द करून मागू शकते, पण सज्ञान झाल्यापासून दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत. म्हणजे मुलीसाठी विसाव्या वर्षापर्यंत. दादाजींनी दावा लावला त्या साली रखमाबाई वीस वर्षांच्या होत होत्या. म्हणजे २००६ च्या कायद्यातूनही त्या जेमतेम निसटल्या असत्या, तेही कायदा माहीत असता, वकिलाचे पैसे असते आणि घरचे पाठीशी असते तर. त्यांच्या पाठीशी सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन होते. अशी माणसं सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत.

आणि जो दावा त्यांच्यावर लावला गेला, 'पत्नीने नांदायला यावं' हा, तो हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आजही आहे.

रखमाबाईंचा प्रश्न होता, 'मला कुणी विचारलं?' कायद्याने उत्तर दिलं, 'तुझं वय किती?' 'संमतिवय' या शब्दात दोन शब्द आहेत. पुढच्या शंभर वर्षांत त्यातलं वय वाढत गेलं आणि संमती तिथेच राहिली. माझ्या प्रबंधाचा विषय मला इथे सापडला, टेबलात नाही.

आकड्यावरून माणसं तोलू नका

इथे एक सावधगिरी. १८९०-९१ चा वाद आपण शाळेपासून 'सुधारक विरुद्ध सनातनी' असा शिकतो. आगरकर, भांडारकर, मलबारी एका बाजूला. टिळक दुसऱ्या बाजूला. ढोबळमानाने ते बरोबरही आहे. पण १८९० मध्ये टिळकांनी स्वेच्छेने पाळायच्या ज्या सूचना पुढे केल्या, त्यांत मुलीचं लग्न १६ वर्षांआधी करू नये अशी सूचना होती. सरकारचा आकडा १२, टिळकांचा १६! फक्त आकड्यांचा तक्ता केला तर टिळक सुधारकांच्याही चार पायऱ्या पुढे दिसतील. तो निष्कर्ष अर्थातच चुकीचा ठरेल. त्यांचा विरोध आकड्याला नव्हता. परक्या सरकारने घरात कायदा घालण्याला होता. आणि 'स्वेच्छेने पाळायचं' म्हणजे कुणाच्या स्वेच्छेने? बापाच्या. मुलीची स्वेच्छा कुणाच्याच कागदावर नव्हती.

ज्या मुलीच्या मृत्यूने हा वाद पेटला, ती कलकत्त्याची फुलमणी दासी. दहा-अकरा वर्षांची. नवरा पस्तिशीचा. त्याच्या जबरदस्तीने ती मेली. पण तिने दहा वर्षं ओलांडली होती, म्हणून बलात्काराचा गुन्हा लागला नाही. हरी मोहन मैतीला एक वर्ष सक्तमजुरी झाली. 'आकडा कशाला हवा?' असं म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. एका वर्षाच्या फरकाने गुन्हा बदलला. मी आकड्यावर टीका करते आहे, पण आकडा फेकून द्या असं म्हणत नाही.

कुणाला वाचायचं, आणि वाचताना कुठे थांबायचं

या विषयावर भरपूर आणि चांगलं लिहिलं गेलंय. मी ज्यांना टेबलावर कायम ठेवते, ते सांगते. आणि प्रत्येकापाशी माझं काय अडतं, तेही. लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे कोण काय म्हणालं याची यादी नव्हे. आपलं कुठे अडतं, ते त्यात यायला हवं.

जया सागडे यांचं २००५ मधलं पुस्तक कायद्याच्या तरतुदी आणि मानवी हक्क यांची सांगड घालतं. कलमं नीट समजून घ्यायची तर सुरुवात इथून करा. अडचण एवढीच की ते २००६ च्या कायद्याआधीचं आहे. त्यातली टीका आजच्या कायद्याला तशीच्या तशी लावू नका. ही चूक फार जण करतात.

तनिका सरकार यांच्या 'हिंदू वाइफ, हिंदू नेशन'मध्ये फुलमणीचं प्रकरण आणि त्या काळचं राष्ट्रवादी राजकारण एकत्र उलगडतं. पत्नीचं शरीर हे 'आपलं' शेवटचं स्वतंत्र क्षेत्र कसं मानलं गेलं, ते त्यातून कळतं. पण तो मुख्यतः बंगाल आहे. महाराष्ट्रातला वाद वेगळ्या जातीय आणि शैक्षणिक वातावरणात घडला. बंगालचं विश्लेषण पुण्याला चिकटवण्याआधी मराठी वृत्तपत्रं स्वतः वाचा.

इशिता पांडे यांचं २०२० चं 'सेक्स, लॉ, अँड द पॉलिटिक्स ऑफ एज' हे माझ्या मते या विषयावरचं गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात महत्त्वाचं पुस्तक. त्या वयालाच प्रश्न विचारतात. वर्षांत मोजलेलं वय ही माणसाची क्षमता ठरवण्याची नैसर्गिक मोजपट्टी आहे, असं आपण सगळ्यांनी कधी आणि कसं मान्य करून टाकलं? ऋतुप्राप्ती, अंगकाठी, नातं, जबाबदारी अशा इतर मोजपट्ट्या कुठे गेल्या? हे वाचल्यावर 'बाल' हा शब्द पुन्हा पूर्वीसारखा वाचता येत नाही. माझं अडतं ते इथे : मोजपट्टी बनवलेली आहे हे पटलं, तरी ज्या मुलीला लग्नातून बाहेर पडायचंय तिच्या हातात आज तेवढीच मोजपट्टी आहे. पुस्तकाचा काळ १९३७ पर्यंतचा आहे, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर त्यात शोधणं अन्यायाचं होईल. पण त्यांचा युक्तिवाद आजच्या काळाला लावणाऱ्या आपल्यासारख्यांना हे टाळता येणार नाही.

मेरी जॉन यांचं २०२१ चं पुस्तक विचारतं की सगळं लक्ष 'बाल'वर का, 'विवाह'वर का नाही? आपल्याकडे लग्न जवळपास सक्तीचं आहे. मुलीला लग्नाशिवाय दुसरं आयुष्यच नसेल तर १७ आणि १९ मधला फरक किती मोठा? मला हा मुद्दा फार पटतो. अडचण पद्धतीची आहे. वय मोजता येतं. सक्ती कशी मोजणार? तुमच्यापैकी कुणाला प्रबंधाचा विषय हवा असेल तर तो इथे पडलाय, उचला.

एक जूनला जन्मलेल्या बायका

आता डेटाकडे. माझ्या आईची जन्मतारीख १ जून. मोठ्या मावशीची १ जून. शेजारच्या काकूंचीही १ जून. तुमच्या घरातही निघतील. पूर्वी मुलांना शाळेत घालायला नेलं की गुरुजी विचारायचे, 'जन्म कधीचा?' घरचे म्हणायचे, 'दुष्काळाच्या आदल्या वर्षी' किंवा 'आखाजीच्या आगेमागे'. गुरुजी पोराकडे बघायचे आणि सहा पूर्ण होतील अशी १ जून टाकायचे. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा, पण गावागावांत सवय लागायला बराच काळ गेला.

हा नुसता गमतीचा किस्सा नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये वयाच्या पुराव्याचा क्रम दिलाय. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा बोर्डाचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला. आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वगैरे वैद्यकीय चाचणी. क्रम पुन्हा वाचा. गुरुजींचा १ जून हा जन्मदाखल्याच्या वर आहे.

मावशीच्या बाबतीत घरात दोन गोष्टी सांगतात. कागदावर लग्नाच्या दिवशी तिला १८ पूर्ण होऊन चार महिने झाले होते. आजी म्हणायची, 'कुठली अठरा? लवकर शाळेत घालायची म्हणून वर्षभर वाढवून लावलं होतं.' तर माझ्या टेबलात मावशीचा बालविवाह झाला की नाही? दाखल्यानुसार नाही. आजीनुसार हो. मावशीला विचारलं तर ती म्हणाली, 'अगं, वयाचं काय घेऊन बसलीस. मला अकरावीला बसायचं होतं.'

हे वाक्य मी तीन वर्षं वहीत लिहून ठेवलंय आणि अजून ते कोणत्या रकान्यात घालायचं ते मला ठरवता आलेलं नाही.

आता मोठे आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या किती स्त्रियांचं लग्न १८ च्या आधी झालं, ते विचारतात. २००५-०६ मध्ये ४७.४ टक्के, २०१५-१६ मध्ये २६.८, २०१९-२१ मध्ये २३.३. महाराष्ट्राचा शेवटच्या फेरीतला आकडा २१.९, आणि बीड, परभणी या जिल्ह्यांत तो ४० च्याही वर. आकडे महत्त्वाचे आहेत, वापरा. पण तीन गोष्टी लक्षात ठेवून.

एक, हा आकडा मागचा आहे. २०१९-२१ मध्ये २० ते २४ वर्षांच्या असलेल्या स्त्रिया साधारण २०१३ ते २०१९ या काळात १८ च्या झाल्या. त्यामुळे 'लॉकडाऊनमध्ये बालविवाह वाढले' हे या फेरीवरून सिद्धही होत नाही आणि खोडताही येत नाही. तरी मी हे वाक्य या आकड्यासकट किती ठिकाणी वाचलंय!

दोन, वय हे उत्तर देणाऱ्या स्त्रीच्या सांगण्यावर आहे. १८ ही कायद्याची रेषा आहे हे आता बहुतेकांना माहीत असतं. अशा वेळी रेषेच्या अलीकडचे काही जण रेषेच्या पलीकडे सांगितले जातात. किती, ते ठामपणे कुणी सांगू शकत नाही. म्हणून घट लिहिताना 'नोंदवलेली घट' असं लिहा.

तीन, गुन्ह्यांची आकडेवारी वेगळंच काहीतरी मोजते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली २०१९ मध्ये ५२३, २०२० मध्ये ७८५ आणि २०२१ मध्ये १,०५० गुन्हे आहेत. दोन वर्षांत दुप्पट! पण दुप्पट काय झालं? लग्नं की तक्रारी? संपूर्ण देशात वर्षाला हजारभर गुन्हे आणि दुसरीकडे २३ टक्के, हे दोन आकडे शेजारी ठेवले की कळतं, गुन्ह्यांचा आकडा पोलिसांपर्यंत काय पोहोचतं ते मोजतो. आणि काय पोहोचतं? न्यायालयीन प्रकरणांचा अभ्यास करणाऱ्या पार्टनर्स फॉर लॉ इन डेव्हलपमेंट या संस्थेला असं दिसलं की त्यातली मोठी संख्या पळून जाऊन केलेल्या लग्नांची आहे, तक्रार मुलीच्या घरच्यांची. म्हणजे आईवडिलांना आवरायला केलेला कायदा आईवडीलच वापरतात.

२१ चं विधेयक आणि आपल्या बाजूची चूक

डिसेंबर २०२१ मध्ये मुलींचं वय २१ करणारं विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. ते स्थायी समितीकडे गेलं आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळलं. त्यामागचा एक मुख्य युक्तिवाद माता आरोग्याचा होता : लवकर लग्न, लवकर बाळंतपण, ॲनिमिया, मातामृत्यू. पद्धतीच्या दृष्टीने तपासू. ज्या मुलींची लग्नं लवकर होतात त्या गरीबही असतात, शाळा सुटलेल्याही असतात, दवाखान्यापासून लांबही असतात. यातलं कोणतं कारण किती, हे वेगळं केल्याशिवाय 'वय वाढवलं की आरोग्य सुधारेल' म्हणता येत नाही. १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रिया ॲनिमिक आहेत. त्यातल्या कितीतरी जणी तिशी-चाळिशीच्या आहेत. लग्नाचं वय तीन वर्षं पुढे नेऊन त्यांच्या ताटात काय पडणार?

समानतेचा युक्तिवादही होता : मुलाला २१ तर मुलीलाही २१. पण समानता दोन्हीकडून साधता येते. विधी आयोगाने २००८ च्या अहवालात दोघांसाठी १८ सुचवलं होतं. १८ ला मतदान करता येतं, करार करता येतो. जोडीदार मात्र निवडता येत नाही. शिवाय १८ ते २१ मधल्या ज्या मुली स्वतःच्या मनाने लग्न करतात त्या एका फटक्यात कायद्याने 'बालक' ठरल्या असत्या. गुन्हे कुणाविरुद्ध लागतात ते वर पाहिलंच.

इथपर्यंत मी माझ्या बाजूचं बोलले. आता आपल्या बाजूची चूक. विधेयकावर टीका करताना आम्ही सगळे घाईघाईने म्हणालो, 'आधी शिक्षण द्या, गरिबी हटवा, कायद्याने काही होत नाही.' हे वाक्य मी लिहिलं आणि मग केसरी-सुधारक वाद पुन्हा वाचला. 'आधी शिक्षण, कायदा नंतर' हे १८९१ च्या विरोधकांचंही म्हणणं होतं! हेतू वेगळे आहेत, काळ वेगळा आहे, पण युक्तिवादाचा सांगाडा तोच. आणि त्याचा परिणाम काय होतो, तर मुलीला सांगितलं जातं की सगळा समाज सुधारेपर्यंत थांब. शिवाय याच विधेयकात एक चांगली गोष्ट होती, लग्न रद्द करून मागायची मुदत सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांवरून पाच वर्षं. रखमाबाईंना आरामात पुरली असती. २१ च्या गदारोळात ती कुणी फारशी लक्षात घेतली नाही, मीही नाही. विधेयक गेलं, तीही गेली.

बीडच्या ऊसतोडीचं उदाहरण घ्या. तिथे मुकादमाकडून उचल घेतली जाते ती 'कोयत्या'वर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आईबाप हंगामाला गेले की वयात आलेली मुलगी कुणाकडे ठेवायची, ही धास्ती खरी असते. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवक असतो आणि लग्नपत्रिका त्यालाही आलेली असते. या सगळ्यात १८ चा आकडा काय करतो? मुलगी स्वतः १०९८ ला फोन लावते तेव्हा तो आकडाच तिच्या बाजूने उभा राहतो. बाकी वेळी तो पत्रिकेवर न छापलेली एक गोष्ट असतो. दोन्ही खरं आहे, आणि तुमच्या प्रबंधात दोन्ही यायला हवं.

तुमच्या वहीसाठी

म्हणून सिनॉप्सिस लिहिण्याआधी एवढं करा. कायद्याचा सारांश वाचू नका, कलम वाचा. सगळे केंद्रीय कायदे मोफत मिळतात. प्रत्येक आकड्यापुढे लिहा : कशाचं वय, मोडलं तर कुणाला काय होतं, आणि मुलीला त्यातून काय मागता येतं. वयाचा पुरावा कुठून आला, याचा वेगळा रकाना ठेवा. आणि एक खरी व्यक्ती घेऊन तिला सगळ्या कायद्यांतून चालवा. ती कुठे अडकते, तिथे तुमचा संशोधन-प्रश्न आहे.

माझं टेबल आता सहा रकान्यांचं झालंय आणि दिसायला अगदी बेढब आहे. मॅडमनी या वेळी त्यावर काहीच लिहिलं नाही, फक्त मावशीच्या वाक्याखाली रेघ मारली. तिला अकरावीला बसायचं होतं. तिचं वय १७ होतं की १८, हे ठरवायला मी तीन वर्षं घालवली. ती अकरावीला का बसली नाही, हे विचारायला मी पुढच्या महिन्यात गावी जाते आहे. तुम्हीही घरी गेलात की विचारा. आणि जाता जाता घरात १ जून किती आहेत, तेही मोजा.